डोक्याला मार लागला की त्या दिवशी खेळ बंद

महोदय,

माझा 15 वर्षांचा मुलगा कबड्डीत चढाई करतो. गेल्या महिन्यात सामन्यात एकाने त्याचा घोटा धरला, दुसऱ्याने कंबर, आणि त्याचं डोकं मॅटवर आपटलं. तोंडावर पाणी मारून त्याला पुन्हा चढाईला पाठवलं. रात्री जेवताना ‘आई, आपण जिंकलो का?’ असं त्यानं चार वेळा विचारलं. माझ्या काळजात धस्स झालं.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. पण मेंदूला बसलेला असा हादरा स्कॅनमध्ये बहुधा दिसतच नाही, हे डॉक्टरांकडून कळलं. शुद्ध हरपायलाच हवी असंही नाही. पहिले 24 ते 48 तास आराम, मोबाइल कमी, मग हळूहळू शाळा, हलकं पळणं. धरपकड सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. मुलांना सावरायला चार आठवडेही लागतात. त्याआधी दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं.

क्रिकेटमध्ये 2019 पासून डोक्याला मार लागून असा हादरा बसलेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू घेता येतो. आमच्या तालुका स्पर्धांतही शंका येताच मुलाला त्या दिवसापुरतं बाहेर बसवण्याचा अधिकार पंचांना द्यावा, आणि तो नियमपत्रिकेत छापावा, ही आयोजकांना कळकळीची विनंती.

– एक आई, सांगली