वैशाखातल्या मुंजीआधी आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आपल्या अथर्वच्या मुंजीला इथून येणारी तिन्ही कुटुंबं आता नक्की झाली आहेत: एक ज्यू, एक जपानी, एक मेक्सिकन. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की या लोकांना मुंज म्हणजे काय ते कसं समजावायचं. फार समजवावं लागणार नाही. मूल मोठं झालं हे चार लोकांसमोर सांगायची रीत तिघांच्याही घरी आहे. ती आधी आपल्याला ठाऊक असली की गप्पा आपोआप होतील, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलं मुहूर्ताचं. पुरोहितांनी दोन-तीन दिवस काढून दिले तर त्यातला शनिवार सोडा. ज्यू कुटुंब शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ पाळतं. तेवढ्या वेळात गाडीत बसणं, फोटो काढणं, पैशाला हात लावणं त्यांना चालत नाही. जेवणाची मात्र काळजी नको. बाहेर शाकाहारी जेवण चालतं असं त्यांनी सांगितलंय, तेव्हा खतखतं, मुगागाठी, मणगणं ते आनंदाने खातील.

त्यांच्याकडे मुलगा तेरा वर्षांचा पूर्ण झाला की बार मित्झ्वा होतो. विधी केला काय, न केला काय, त्या दिवसापासून धर्माची जबाबदारी त्याची स्वतःची. विधीत तो सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, सगळ्यांसमोर तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीतून वाचतो, आणि हे वाचणं सोपं नाही. गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. तिच्यात नुसती व्यंजनं असतात, स्वरांच्या खुणा नाहीत की सुरांच्याही नाहीत. बाबा, तुमच्या पोथीतले काना-मात्रा-वेलांट्या आणि वरच्या स्वरितांच्या रेघा सगळ्या पुसून टाकल्या तर जे उरेल, ते तेरा वर्षांच्या मुलाने सुरात म्हणायचं! म्हणून साधारण वर्षभर आधी छापील पुस्तकावरून संथा सुरू होते. पाठ झालं की मग गुंडाळीत पाहून म्हणायचं. अक्षरांना हात लावायचा नाही, ओळीवरून टोकाला बोटाचा आकार असलेली छोटी दांडी फिरवायची. उच्चार चुकून अर्थ बदलला तर शेजारी उभा असलेला माणूस तिथेच थांबवतो आणि तो शब्द पुन्हा म्हणायला लावतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मूल स्वतः काहीतरी अवघड करतं आणि बाकीचे ते लक्ष देऊन ऐकतात. आपल्याकडेही मुंजीचा गाभा तोच आहे. शेल्याखाली गायत्रीचा उपदेश होतो तेव्हा आधी एकेक चरण म्हणायचा, मग अर्धी ऋचा, मग सगळी. आठ-आठ अक्षरांचे तीन चरण. बटूने तिन्ही वेळा मागून म्हणायचं असतं. पण हल्ली मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या की लोक जेवणाच्या पंगतीकडे वळतात, वाजंत्री चालूच राहते, फोटोवाला शेला वर करून आत कॅमेरा घालतो आणि त्या गडबडीत पोर नुसते ओठ हलवतं. तेवढा अर्धा तास वाजप बंद ठेवायला सांगा. भिक्षावळही घाईने उरकू नका. पाहुण्यांना एवढंच सांगा: आधी आई वाढणार, मग बाकीचे, उजव्या हाताने मूठभर तांदूळ झोळीत घालायचे, आणि बटू ‘भवति भिक्षां देहि’ म्हणेपर्यंत थांबायचं.

फोटोवाल्यासाठी किंवा पाहुण्यांसाठी विधी मागे-पुढे करू नका, असं मी आग्रहाने का म्हणतो? प्रशांत महासागरात वानुआतू देशात पेंटेकोस्ट नावाचं बेट आहे. तिथे मुलगे आणि पुरुष वीस-तीस मीटर उंच लाकडी माचाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरून पायांना वेली बांधून खाली उडी घेतात. लहान मुलगा सगळ्यांत खालच्या पायरीवरून उडी मारतो. त्याच्या लहानपणीची एखादी आवडती वस्तू हातात धरून आई खाली उभी असते आणि उडी झाली की ती फेकून देते, म्हणजे बाळपण संपलं. दोर नाही, स्प्रिंग नाही, सगळा भरवसा वेलीवर. प्रत्येकाच्या वजन-उंचीप्रमाणे वेल निवडावी लागते. लांबी थोडी जास्त झाली तर माणूस जमिनीवर आपटतो, कमी झाली तर झोका घेऊन माचावर आदळतो. हे सगळं एप्रिल ते जूनमध्येच होतं, कारण पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि वेली रसाने भरून लवचीक झालेल्या असतात. 1974 मध्ये ब्रिटनच्या राणीच्या भेटीसाठी हा कार्यक्रम फेब्रुवारीत ठेवला. वेली पुरेशा तयार नव्हत्या, एकाची वेल तुटली आणि तो माणूस गेला. बाबा, तुम्ही बागायतीतली माणसं, वेलीत रस कधी चढतो हे तुम्हाला सांगायला नको.

जपान्यांनी तर काय बदलायचं आणि काय नाही हे फार विचाराने ठरवलंय. त्यांचा सेइजिन नो हि, म्हणजे वयात आलेल्यांचा दिवस, पूर्वी 15 जानेवारीला असे. 2000 पासून तो जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी असतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्याने सज्ञान होण्याचं वय 20 वरून 18 झालं, तरी बहुतेक गावांनी समारंभ विसाव्या वर्षीच ठेवला. अठराव्या वर्षी जानेवारीत मुलं प्रवेशपरीक्षांच्या तोंडावर असतात, किमोनो कुठून घालणार? आई, त्यांची मुलगी मुंजीला किमोनो नेसणार आहे. तिला मदत करशील तेव्हा एक लक्षात ठेव: डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे. उजवी वर फक्त मृताला नेसवताना घेतात.

मेक्सिकन कुटुंबातल्या मुलीचे पंधरा वर्षांचे किन्सेआनेरा नुकतेच झाले. चर्चमध्ये मिस्सा, मग मेजवानी. तिथे वडील मुलीच्या पायातले सपाट जोडे काढून टाचांचे घालतात आणि तिच्याबरोबर पहिलं नृत्य करतात. खर्च एकट्यावर पडत नाही. केक एका पाद्रिनचा (मानलेल्या धर्मपित्याचा), पोशाख दुसऱ्याचा, असा वाटून घेतात. आपल्या ख्रिश्चन शेजाऱ्यांशी तिचं पटकन जमेल, पाद्रिन-मादरिन तर त्यांच्याकडेही असतात. त्यांच्या क्रिज्मला, म्हणजे चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीला, मुलगे आणि मुली एकाच रांगेत बसतात हे तुम्ही दोघांनी पाहिलंय.

आता खरा मुद्दा. अथर्वबरोबर जुईचंही उपनयन करावं असं आम्हा दोघांना मनापासून वाटतं.

ज्यूंमध्येही मुलींना ही वाट नव्हती. 18 मार्च 1922 ला न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन या मुलीला तिच्या रब्बी (धर्मगुरू) वडिलांनी सभेसमोर उभं केलं. तिच्या दोन्ही आज्या राजी नव्हत्या. मूळ गुंडाळीतून नाही, तिच्यापासून लांब उभं राहून छापील पुस्तकातून तिने वाचलं. आज बहुतेक पंथांत मुली हे सहज करतात. वाचनाची पद्धत मात्र बहुतेकांनी तीच ठेवली. माझंही म्हणणं तेवढंच आहे: क्रम, मंत्र, वस्तू सगळं जसंच्या तसं ठेवू, फक्त पाटावर दोघं बसतील.

बाबा, शास्त्राधार विचाराल म्हणून लिहितो. धर्मसूत्रकार हारीतांच्या वचनात ब्रह्मवादिनी, म्हणजे वेद शिकणाऱ्या, स्त्रियांना उपनयन, अग्नीची सेवा, वेदाध्ययन आणि स्वतःच्या घरी भिक्षा सांगितली आहे. स्वतःच्या घरी, म्हणजे आपल्या राजांगणातच. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी ही संस्था मुलींची उपनयनं करते, तेव्हा पोथीही मिळेल आणि विचारायला माणसंही. चौलाचा प्रश्न येत नाही, केस कापायचे नाहीत. पुरोहितांशी आधी बोलून घ्या. त्यांची तयारी नसेल तर लगेच कळवा, म्हणजे पुण्याला विचारता येईल.

पळसाचे दंड दोन सांगा. तयार मिळतात ते बहुधा एकाच मापाचे असतात. दंड बटूच्या केसांपर्यंत पोचला पाहिजे. दोघांच्या उंच्या मोजून पाठवतो. मुंजगवताच्या मेखला दोन, जानवी दोन, झोळ्या दोन. आई, मातृभोजनाला दोघांची पानं एकत्र मांडू, पण जुईच्या पानात वालीची भाजी नको, ती खात नाही.

तुमचा,
सुहास