रबरी चाकांची ट्राम आणि नाशिक

संपादक महोदय,

शांघायच्या झांगजियांग उपनगरात २००९ च्या अखेरीस रबरी चाकांची ट्राम सुरू झाली. मेट्रोतून उतरणाऱ्या नोकरदारांना तिथल्या कचेऱ्यांपर्यंत नेणारी ही लाइन २०२३ मध्ये कायमची बंद झाली. सगळा भार टायरवर. रस्त्याच्या मधोमध एकच रूळ, तोही फक्त दिशा देण्यासाठी. डब्याखालची तिरकी लोखंडी चाके त्याला दोन्ही बाजूंनी पकडून चालत. हे तंत्र फ्रान्समधल्या लोर या एकाच कंपनीचे. नेहमीची ट्राम त्या रुळावर धावूच शकत नाही, मग गाड्या जुन्या झाल्यावर दुसऱ्या कोणाच्या दारात जायचे? फ्रान्समधल्या काँ शहरानेही आपली रबरी चाकांची ट्राम २०१७ मध्ये मोडीत काढली आणि २०१९ मध्ये साध्या रुळांवरची आणली.

नाशिकच्या मेट्रो निओसाठी, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या बससारख्या गाड्यांच्या योजनेसाठी, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते. त्यातही रबरी चाकेच आहेत. रूळ नाही, एवढा धोका कमी, हे मान्य. तरीही डबे आणि सुटे भाग किमान दोन-तीन उत्पादकांकडून मिळतील, अशी अट निविदेतच घातली पाहिजे आणि ती नाशिककरांना आधी दाखवली पाहिजे.

– एक वाचक, नाशिक