खाकीचा धाक आता चोरांच्या कामी येतोय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2025 च्या ऑक्टोबरात ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असं हात जोडून म्हणणाऱ्या, पोलिसांनी पकडलेल्या संशयितांच्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. शहरात खून, गोळीबार, कोयते नाचवणं असं बरंच चाललं होतं, लोक वैतागले होते. त्यामुळे टाळ्या पडल्या आणि त्या पडायलाच हव्या होत्या. राजकीय वरदहस्तवाल्यांनाही हात घातला गेला, हे थोडंथोडकं नव्हे. आरोप सिद्ध व्हायच्या आत कुणाकडून कॅमेऱ्यासमोर असं वदवून घ्यावं का, हा वाद वेगळा. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांना काय सांगावं, काय सांगू नये याची नियमावली करायला केंद्रीय गृहमंत्रालयाला सांगितलं होतं. तो विषय जाणकारांवर सोडतो. मला सांगायचं आहे ते धाकाबद्दल.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, वय सत्तरीपुढचं. त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी गणवेश, खांद्यावर स्टार, मागे भिंतीवर तिरंगा, मधूनमधून वायरलेसची खरखर. ‘तुमच्या आधारवर सिम घेऊन मनी लाँड्रिंग झालंय. फोन ठेवलात तर अर्ध्या तासात दारात गाडी उभी राहील.’ बाई ओट्यावर डब्याला मोबाइल टेकवून दुपारभर त्या माणसासमोर बसून राहिल्या. मुलाला कळवलं नाही, शेजारी बेल वाजवली नाही. एफडी मोडून पैसे पाठवले. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार आपल्या कुठल्याच कायद्यात नाही, हे नंतर सांगितलं तेव्हा म्हणाल्या, ‘अहो भाऊ, जन्मात कधी पोलिसांशी संबंध आला नाही. खरे कसे बोलतात ते मला काय ठाऊक?’

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही शिकवण आपण पोलीस ठाण्यालाही लावली, आणि पोलीस खात्यालाही ते सोयीचंच होतं. माणूस घाबरून लांब राहिला की गर्दी कमी. तीच भीती आज चोरांचं भांडवल झाली आहे. हा धंदा चालतो तो गणवेशाच्या जोरावर; तोच माणूस साध्या शर्टात दिसला असता तर बाईंनी फोन आपटला असता. म्हणून धाक वाढवणाऱ्या रीलवर खूश होताना पाल चुकचुकते. गुंडाला दाखवलेला धाक फक्त गुंडापर्यंत थांबत नाही, माझ्या शेजारणीपर्यंतही तो पोहोचतो.

आम्ही ठाण्यात गेलो (कुठल्या ते लिहीत नाही, चित्र सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच). ठाणे अंमलदार सभ्य होते, बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. पण म्हणाले, ‘हे सायबरला द्यावं लागेल.’ निम्मी माणसं कुठल्याशा मोर्चाच्या बंदोबस्ताला गेली होती. मी बँकेत आयुष्य काढलंय, म्हणून जीव तुटत होता. असला पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही. तो भाड्याने घेतलेल्या दुसऱ्यांच्या खात्यांमधून फुटत जातो आणि एटीएममधून निघाला की हात चोळत बसायचं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार पडली की ती पुढच्या बँकांपर्यंत जाते आणि खात्यात उरलेली रक्कम रोखता येते. हे काम पहिल्या तासाभरातलं. तो फोन शेवटी मी लावला. ठाण्याच्या टेबलावरून तो पहिल्या पाच मिनिटांत लागायला हवा होता.

खालच्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 प्रमाणे त्या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करताच येत नाही. म्हणजे आपल्याच त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतून नव्या दमाचे, मोबाइल कोळून प्यालेले उपनिरीक्षक बाहेर पडणार आणि त्यांच्या हाती बंदोबस्ताची काठी येणार. निरीक्षक ठाण्याला मोजकेच. ते सभेला जाणार, कोर्टात जाणार, मंत्र्यांच्या दौऱ्याला जाणार आणि उरलेल्या वेळात बँकांची विवरणं तपासणार! हे कलम बदलणं दिल्लीच्या हातात आहे, पण मागणी राज्याने लावून धरायला काय हरकत आहे?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सामान्य माणसाच्या बाजूने बरंच दिलंय. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवायचा. तक्रार ऑनलाइन द्यायची आणि तीन दिवसांत सही करायची. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचं. यातलं शेवटचं कलम तर फिर्यादींनाच माहीत नसतं. ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर अधिकाऱ्यांच्या नावांचा फलक असतो, त्याच्या शेजारी एवढ्या तीन ओळी मराठीत रंगवून घ्यायला किती खर्च येईल?

आता सिंहस्थ. मुख्य पर्वण्या 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत किती घरं उद्ध्वस्त झाली ते नाशिककर विसरलेले नाहीत, तेव्हा गर्दीला माणूसबळ लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या काळात लाखो भाविकांच्या खिशात मोबाइल असणार, खोट्या धर्मशाळांचं बुकिंग होणार, पूजेच्या नावाने क्यूआर कोड फिरणार. बाहेरगावचा फसलेला माणूस रात्रीच्या गाडीने परत जाणार, तो ‘सायबरला’ कधी जाणार?

म्हणून पोलीस आयुक्तालयाकडे आपल्या मार्फत एकच मागणी. सिंहस्थासह कुठल्याही बंदोबस्तात प्रत्येक ठाण्यातला एक प्रशिक्षित कर्मचारी, शक्यतो महिला, टेबलावरून हलवू नये. 1930 वर तक्रार नोंदवून द्यायची, तिचा क्रमांक कागदावर लिहून फिर्यादीच्या हातात ठेवायचा, एवढंच तिचं काम. आणि याच कर्मचाऱ्यांनी महिन्यातून एकदा ज्येष्ठ नागरिक संघात गणवेशात येऊन बसावं, चहा प्यावा, गप्पा माराव्यात. इंदिरानगरच्या आमच्या कट्ट्यावर खुर्च्यांची सोय आम्ही करतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
इंदिरानगर, नाशिक