अकरा वीस

लिफ्टचे काका, यांस सप्रेम नमस्कार.

तुमचे खरे नाव मला ठाऊक आहे, पण ते चारचौघांत घेतलेले तुम्हाला आवडणार नाही, म्हणून माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने तुम्हाला दिलेले नावच येथे वापरते. हे सारे समोरासमोर बोलता आले असते. मात्र मी सुरुवात करताच तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणत हत्यारांची पिशवी उचलाल आणि जिना उतरू लागाल, याची मला खात्री आहे. शिवाय मला जे म्हणायचे आहे ते आणखी काही जणांच्या कानावर पडावे, अशीही माझी इच्छा आहे. ती इच्छा अगदीच निर्मळ आहे, असा माझा दावा नाही.

मुलगा तेरा वर्षांचा असताना त्याची शाळा सुटली. ‘सुटली’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे, कारण कोणी सोडायला लावली ते त्यात सांगावे लागत नाही. आग लागल्यास बाहेर कसे पडावे याची तालीम शाळेत होणार होती. शिक्षकांना वेळ ठाऊक होती, शिपायांना ठाऊक होती, फक्त मुलांना सांगायचे नाही असे ठरले होते. घंटा वाजली, माझा मुलगा कान झाकून बाकाखाली शिरला, त्याला ओढून बाहेर काढणाऱ्या शिक्षिकेला त्याचा धक्का लागला, आणि आठवड्याभरात ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ असे पत्र घरी आले. त्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर ‘प्रत्येक मूल वेगळे असते’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे. ते अजूनही तेथेच असावे.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या निबंधात अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची, म्हणजे माझ्या मुलाला असलेल्या ऑटिझमची, ओळख वैद्यकाला करून दिली, त्याच निबंधात या मुलांना सारे काही जसेच्या तसे राहावे अशी चिंतायुक्त ओढ असते, हे नोंदवलेले आहे. म्हणजे अचानक झालेला बदल या मुलांना किती जड जातो ही काही कालपरवाची माहिती नव्हे. ती वापरायला कोणतेही यंत्र लागत नाही की प्रशिक्षण लागत नाही; आदल्या दिवशी एक वाक्य बोलावे लागते. आम्हाला भेटलेल्या पदवीधर, अनुभवी आणि व्यग्र मंडळींपैकी फार थोड्यांना ते वाक्य सुचले. उलट ‘घरात जरा माया कमी पडली असेल’ असे मला दोनदा ऐकावे लागले. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा सिद्धांत एके काळी खरोखरच प्रतिष्ठित होता. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये त्यातली हवा काढून घेतली. आमच्या काही नातलगांपर्यंत ती बातमी पोहोचायची आहे.

तर होमस्कूलिंग आम्ही निवडले असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. ते आमच्यावर येऊन पडले. पहिले चार महिने त्याने एकही वही उघडली नाही, आणि मी उघडायला लावली तर तो लिफ्टपाशी जाऊन उभा राहत असे. दार उघडायला किती सेकंद लागतात, कोणत्या मजल्यावर ती किंचित हिसका देते, रिकामी असताना तिचा आवाज कसा बदलतो, हे सारे तो टिपून ठेवी. शेजाऱ्यांना ते वाटेत येणे वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही ती अभ्यासाला दिलेली बगल वाटली. स्वमग्न व्यक्तीचे लक्ष अनेक गोष्टींत विखुरण्याऐवजी एखाद्याच प्रवाहात सर्व शक्तीनिशी वाहते, अशी मांडणी स्वमग्नतेच्या अभ्यासक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केली आहे. ती मी खूप उशिरा वाचली, आणि मग प्रवाहाला बांध घालण्याचे सोडून माझ्या होड्या त्यातच सोडल्या. आमचे गणित आणि भौतिकशास्त्र गेले दीड वर्ष लिफ्टमध्ये बसून चालले आहे. रिकामी लिफ्ट वर जाताना मोटरला फारसे श्रम पडत नाहीत, ती खाली येताना पडतात, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाचे वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असते, हे मला त्याने शिकवले. मी दोन दिवस मानले नव्हते.

पण घर म्हणजे काही नुसता अभ्यास नव्हे. तो आता माझ्याहून उंच झाला आहे. पाच वर्षांचे मूल जिन्यात बसून किंचाळले तर लोकांना दया येते. पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा तेच करू लागला की लोक आपल्या मुलांना जवळ ओढून घेतात. धाकट्या मुलीने ‘पाच मिनिटांत येते’ असे सहज म्हणायचे कधीच सोडून दिले आहे, कारण सहाव्या मिनिटाला दादाचे काय होते ते तिने पाहिले आहे. नऊ वर्षांच्या मुलीला इतके काटेकोर बोलता यावे, याचे कौतुक वाटते आणि वाईटही वाटते.

तुम्ही पहिल्यांदा त्याला पाहिलेत ते अशाच एका सकाळी. लिफ्ट कोणतीही सूचना न देता बंद केलेली होती, त्याच्या वेळापत्रकातली दहाची फेरी चुकली होती, आणि तो पायरीवर बसून स्वतःचा हात चावत होता. तुम्ही काही विचारले नाही, पाहत उभेही राहिला नाहीत. पुढच्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी माझ्या फोनवर संदेश आला: ‘मुलाला सांगा, उद्या लिफ्ट दहाला बंद, अकराला चालू.’ त्याने ती वेळ आपल्या तक्त्यात शाईने लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दहा ते अकरा शांतपणे घड्याळासमोर बसला.

एवढ्यावरच मी तुमची ऋणी राहिले असते. परंतु दहा पन्नासला दार वाजले. तुम्ही तळाच्या खड्ड्यातले काम अर्धवट ठेवून, सहा मजले चढून आला होता; कपाळावर घाम, हाताला ग्रीस, आणि दाराला डाग लागू नये म्हणून कोपराने वाजवलेली कडी. मी पुढे झाले, पण तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मागे उभ्या असलेल्या त्याला म्हणालात, ‘अकराला होईल म्हणालो होतो. नाही होणार. अकरा वीस. सांगायला आलो.’

तो तुमच्याकडे पाहत नव्हता. ‘अकरा वीस,’ तो म्हणाला. ‘हो, अकरा वीस,’ तुम्ही म्हणालात. त्याने पुन्हा तेच म्हटले, तुम्ही पुन्हा तेच उत्तर दिलेत, आणि तिसऱ्यांदाही तुमच्या आवाजात कंटाळा नव्हता. तेच ते बोलणे दुर्लक्षित करावे म्हणजे त्याची सवय मोडेल, असा सल्ला आम्ही पूर्वी पैसे मोजून घेतलेला आहे. तुम्हाला मात्र कोणी न सांगता कळले, की तो शब्दांची चव घोळवत नव्हता, जमीन पक्की आहे ना हे पाय आपटून पाहत होता. मग तुम्ही सहा मजले उतरून गेलात. उशिराच्या त्या वीस मिनिटांतली निदान चार तरी तुम्ही जिन्यातच घालवली असणार, हे मला नंतर सुचले आणि हसू आले.

फोन करता आला असता. न सांगताही चालले असते, कारण वीस मिनिटांच्या उशिराला कोणीही उशीर म्हणत नाही. तुम्ही वर आलात, कारण शब्द त्याला दिलेला होता आणि तो बदलायचा तर त्यालाच सांगायला हवा, असे तुम्हाला वाटले. माझ्या मुलाची वाट पाहणे हे कोणी वाट पाहणे म्हणून धरले, असे त्याआधी मी पाहिले नव्हते. आम्हाला सहानुभूती पुष्कळ मिळते. डोक्यावरून हात फिरवणारेही भेटतात, ते त्याला मुळीच आवडत नाही. पण ज्याच्याशी वागताना आपला शब्द मोडला तर खुलासा द्यावा लागतो, अशा माणसांत त्याला धरणारे विरळाच. सभ्यपणा म्हणजे मऊ बोलणे, असा माझा समज होता. तुमचे बोलणे काही फारसे मऊ नाही, त्याबद्दल खालच्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रारही आहे. तरी मोठमोठ्या दालनांत, गुळगुळीत माहितीपत्रकांच्या राशींमागे बसलेल्या माणसांकडून जे मिळाले नाही, ते ग्रीसने माखलेल्या हातांनी आमच्या दारात आणून दिले, हे मी लपवू इच्छित नाही.

त्यानंतर काही एकदम पालटले असे नाही. परवाच पाहुणे न कळवता आले आणि संध्याकाळ वाया गेली. पण एक गोष्ट तुम्हाला कळवायची आहे. त्याचे आठवड्याचे वेळापत्रक सगळे काळ्या शाईत असते. त्यात खाडाखोड झाली तर तो कागद फाडून पहिल्यापासून लिहितो, आणि अशा कागदांनी आमचा एक खण भरलेला आहे. येत्या बुधवारी तुम्ही येणार असल्याची वेळ त्याने काल नोंदवली. ती त्याने पेन्सिलीने लिहिली आहे, आणि खोडरबर शेजारीच ठेवले आहे.

तुमची,
सहाव्या मजल्यावरची