हरवलेल्या उत्तराचेही प्रात्यक्षिक हवे

मा. संपादक,
स. न.

कोथरूडला माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ची व्याख्या बिनचूक सांगतात, दुसऱ्या संगणकावरील फंक्शन (ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा भाग) जणू आपल्याच प्रोग्रॅममधले आहे असे समजून बोलवायचे, हे त्यांना पाठ असते. उत्तर आलेच नाही तर काय, असे विचारले की मात्र ते गप्प होतात. विनंतीच वाटेत हरवली की काम होऊन फक्त उत्तर हरवले, हे टाइमआउटवरून, म्हणजे उत्तराची ठरलेली वेळ संपल्यावरून, कळत नाही. अशा वेळी खात्यातील शिल्लक पुन्हा विचारल्याने काही बिघडत नाही, पण पैसे पाठवण्याची विनंती पुन्हा केली तर रक्कम दोनदा जाऊ शकते. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रातील बिरेल आणि नेल्सन यांनी १९८४ मध्येच प्रत्येक कॉलला ओळखक्रमांक देऊन दुबार विनंत्या गाळण्याची पद्धत मांडली होती. या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात मात्र दोन आकड्यांची बेरीज होते, आणि बेरीज कितीदाही केली तरी उत्तर तेच येत असल्याने हा दोष कधी दिसतच नाही. महाविद्यालयांनी बेरजेऐवजी खात्यातून रक्कम वजा करण्याचा प्रयोग द्यावा, आणि सर्व्हरने, म्हणजे विनंती पुरी करणाऱ्या संगणकाने, काम पूर्ण केल्यावर, उत्तर पाठवण्याआधी, तो मुद्दाम बंद पाडावा.

– एक निवृत्त प्राध्यापक, कोथरूड, पुणे