चिकट फरशीबद्दल

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालास, "आई, रोज पुसतो तरी फरशी चिकटच लागते." साबण किती घालतोस विचारलं, तर म्हणे "अंदाजाने". तिथेच तर गोम आहे! जास्तीचा साबण फरशीवरच वाळतो, त्याचा थर बसतो आणि त्या थराला धूळ धरते. दोन दिवस नुसत्या कोमट पाण्याने पूस, पाणी गढूळ झालं की लगेच बदल. थर निघून जाईल. पुढे बादलीभर पाण्याला चमचाभर साबण पुष्कळ झाला.

आधी केर काढ, हे सांगायला नको. पण तुझी घाई मी ओळखून आहे. धुळीवरच ओलं फडकं फिरवलंस तर रेघा उठणारच. आणि फडकं घट्ट पिळ. लाकडी फरशी असेल तर जेमतेम ओलसर ठेव, पाणी मुरलं की लाकूड फुगतं.

सिरॅमिकच्या टाइल्सवर क्षारांचे पांढुरके डाग असतील, तर बादलीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाल. संगमरवराला मात्र ते चुकूनही लावू नकोस. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खातं. तू लहान असताना मी हा पराक्रम केलाय. डाग गेला नाहीच, उलट तेवढ्या भागाची चकाकी गेली. त्यावर मी कुंडी ठेवली. ती कुंडी मी कुणाला का हलवू देत नाही, हे तुझ्या बाबांना अजून कळलेलं नाही.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून भसाभसा फेस काढतात ना, तो बघायलाच छान. दोघं एकमेकांचा जोर मारतात. टाइल्सच्या सांध्यांतल्या काळेपणाला नुसत्या सोड्याची घट्ट पेस्ट लाव, दहा-पंधरा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घास आणि पुसून घे.

एक गोष्ट मात्र धमकी समज: ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच वापरायचंच असेल तर एकटं, खिडक्या उघडून.

आणि आतल्या कोपऱ्यातून दाराकडे पुसत ये रे. मागच्या वेळी ओली फरशी वाळेपर्यंत पलंगावर अडकून बसला होतास.

तुझी,
आई