पिसांचे ट्रेबल हुक: 'सॉल्टवॉटर' लिहून गोड्या पाण्याचा माल विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पिसं लावलेल्या ट्रेबल हुकचं (तीन काट्यांच्या गळाचं) पाकीट आणि तसाच हुक लावलेला पॉपर (पाण्यावर ओढला की आवाज करणारं खोटं आमिष), दोन्हीचे पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

तुमच्या चॅटवर लिहून लिहून कंटाळलो. दर वेळी नवीन नावाचा माणूस येतो, 'सर तुमची गैरसोय समजते' म्हणतो आणि चॅट बंद होतो, पुढच्या वेळी परत पहिल्यापासून 'सर प्रॉब्लेम काय आहे'. म्हणून आता मेल करतोय आणि सगळं एकदाच लिहितोय, जरा लांबेल, पण वाचा.

मी रत्नागिरीत राहतो. भाट्याच्या खाडीत नाहीतर मिऱ्याच्या बाजूला गरवायला जातो, जिताडा आणि तांबोशी या माशांच्या मागे. तुमच्याकडून एक पॉपर मागवला, मागच्या हुकाला लाल-पांढरी पिसं असलेला, आणि सोबत तसल्याच सुट्या हुकांचं पाकीट. लिस्टिंगवर मोठ्या अक्षरात 'सॉल्टवॉटर ग्रेड', खाली '४ एक्स स्ट्राँग' (म्हणजे साध्यापेक्षा मजबूत तार), 'हँड टाइड हॅकल फेदर' (म्हणजे हाताने बांधलेली कोंबड्याच्या मानेची पिसं), साइज २. त्या एका 'सॉल्टवॉटर' शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजले, नाहीतर साधे हुक आमच्या इथल्या दुकानात निम्म्या भावात मिळतात.

आलं काय, तर साइज ४. ट्रेबल हुकात आकडा वाढला की हुक लहान होतो हे तुमच्या पॅकिंगवाल्याला माहीत नसेल, पण मला २ आणि ४ मधला फरक डोळ्यांनी दिसतो. पाकिटावर ना एमआरपी, ना कुठल्या देशात बनलं ते, नुसती बारकोडची पट्टी. तरी म्हटलं चला, बघू वापरून.

आता तुमच्या एका सपोर्टवाल्याने मला लेखी कळवलंय की 'फेदर हा डेकोरेटिव्ह पार्ट आहे, त्याने परफॉर्मन्सवर फरक पडत नाही'. हे वाचून मला खरंच राग आला कारण विकताना त्याच पिसांचे पैसे लावलेत. पिसं शोभेला नसतात हो. अमेरिकेत बास (गोड्या पाण्यातला मासा) पकडणारी मंडळी पॉपरच्या आणि पाण्यावर डावी-उजवीकडे चालणाऱ्या लूरच्या (खोट्या आमिषाच्या) मागच्या हुकाला पिसं लावतात त्याला कारण आहे. पॉपर ओढला की तो आवाज करतो, पाणी उडवतो, पण थांबवला की तो नुसता प्लास्टिकचा तुकडा. त्या थांबलेल्या वेळात पिसं पाण्यात उघडतात, हलतात, म्हणजे लूर थांबली तरी शेपटी जिवंत दिसते, आणि मासा बहुतेक वेळा तेव्हाच मारतो. मारतो पण शेपटीवर, जिथे हुक आहे तिथे. शिवाय ओल्या पिसांचा पाण्याला अडसर होतो त्यामुळे पॉपर झटक्यासरशी फार पुढे सरकत नाही, एकाच जागी दोन-चार वेळा जास्त वाजवता येतो, पुलाच्या खांबाच्या कडेला हे किती कामाचं आहे ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून तर पिसं मागच्याच हुकाला असतात, पुढच्याला लावली तर लूरची चाल बिघडते. पिसं गेली म्हणजे मी जी वस्तू विकत घेतली ती माझ्याकडे राहिलीच नाही.

आणि ती गेली. पहिल्याच सकाळी, मासा लागायच्या आधी, नुसतं टाकून ओढून. एक पीस निघालं, मग झुबका, मग लाल दोरा लोंबकळत होता.

घरी आल्यावर पाकिटातला न वापरलेला हुक घेतला आणि ब्लेडने बांधणी उघडून बघितली. वरून लाल चकचकीत रंग. त्याच्या खाली गुळगुळीत दांड्यावर दोऱ्याचे मोजून चार-पाच वेढे आणि सुपरग्लूचा गोळा, बास. हाराच्या दुकानात गुच्छाला दोरा मारतात तो पण यापेक्षा घट्ट असतो. बांधायची पद्धत अशी की आधी दांड्यावर दोऱ्याचं अस्तर देतात म्हणजे पीस सरकत नाही, मग हॅकल तिन्ही काट्यांच्या मधल्या जागेत सारखी लावतात, पिसाचा बाक बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे पाण्यात ती फाकतात, वर घट्ट वेढे, शेवटची गाठ दोऱ्याच्याच खाली ओढून घेतलेली आणि त्यावर वॉर्निश किंवा इपॉक्सी. तुमच्या हुकात सगळी पिसं एकाच बाजूला कोंबलीत, एका फटीत तर काहीच नाही. त्यामुळे पॉपर पाण्यात एका अंगावर कलतो. फोटो १ आणि २ बघा.

रंगाचं तर विचारूच नका. एक पीस पेल्यात पाणी घेऊन बुडवलं, बघता बघता पाणी गुलाबी. पॉपरचं पांढरं पोट आता कायमचं गुलाबी झालंय, माझी मुलगी म्हणाली छान दिसतंय, तिला देऊन टाकणार होतो पण हुक आहेत.

गंज. इथे तुमचे लोक म्हणतात 'वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा'. धुतो मी, प्रत्येक वेळी, धुऊन कपड्याने पुसून पंख्याखाली ठेवतो, डबा उघडा ठेवतो, इथल्या हवेत तसं केल्याशिवाय काहीच टिकत नाही. तरी हुकाच्या बाकावर आणि पिसांच्या बुडाशी तांबूस डाग आले. पिसं आणि दोरा खारं पाणी धरून ठेवतात, साध्या हुकासारखे पटकन सुकत नाहीत, म्हणून पिसांच्या हुकाला तर साध्यापेक्षा चांगला मुलामा पाहिजे. तुमचा हुक सरळ सरळ ब्रॉन्झ रंगाचा, तळ्यात वापरायचा माल आहे. तळ्यात चालेलही.

चौथी गोष्ट ताकदीची. सुकतीला (ओहोटीला) पुलाखाली करंट लागला होता, पॉपर दोनदा वाजवून थांबवला आणि जिताड्याने तो टप्प आवाज करून आत ओढला (जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट खेचतो, बास पण तसाच, म्हणूनच तिकडचे पॉपर इकडे चालतात). लागला, एकदा बाहेर डोकं झटकलं, खांबाकडे वळला आणि सुटला. लाइन शाबूत, लूर शाबूत, हुकाचा एक काटा पार सरळ झालेला, फोटो ३. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल होता, मी खेचाखेची केली नाही हे आधीच सांगतो कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. याला ४ एक्स म्हणता? माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचा त्याच साइजचा साधा ट्रेबल आहे, शेजारी ठेवला तर तारेची जाडी उघड्या डोळ्यांना वेगळी दिसते, आणि तुमचा काटा मी पकडीने हाताच्या जोरावर उघडला.

तिकडच्या लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंस आहे, म्हणजे १० किलोच्या जरासा वर. १९३२ ला अमेरिकेत जॉर्जियामध्ये लागला होता आणि २००९ ला जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. इकडे १० किलोचा जिताडा म्हणजे मोठा मासा खरा, पण विक्रमबिक्रम कोणी म्हणत नाही, जिताडा त्याच्या कितीतरी पुढे वाढतो. आणि तो कालवं चिकटलेल्या खांबांत आणि कांदळवनाच्या मुळांत शिरतो. बासच्या मापाची तार त्याला कशी पुरणार?

आता तुमचे नियम. रिटर्न ७ दिवसांत आणि अनबॉक्सिंग व्हिडिओ पाहिजे. पार्सल आलं जुलैमध्ये. त्या वेळी भाट्याच्या खाडीत येणाऱ्या काजळी नदीला लाल गढूळ पाणी असतं, यांत्रिक होड्यांना ३१ जुलैपर्यंत बंदी, आणि किनाऱ्यावरून टाकायला गेलं तरी त्या पाण्यात पॉपर कोणाला दाखवणार? पाणी निवळेपर्यंत तुमची विंडो बंद. आणि व्हिडिओत काय दिसणार होतं सांगा ना, कोरड्या पाकिटात सगळी पिसं सुंदरच दिसतात. दोरा सुटणं, रंग जाणं, गंज, तार उघडणं हे सगळं खाऱ्या पाण्यातच कळतं आणि माल तुम्ही खाऱ्या पाण्याचा म्हणूनच विकलाय. साइजची चूक तर पाकीट न फोडता पण दिसते, तिचं काय केलंत?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, आयात मालावर देशाचं नाव लिहावं लागतं. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करणारच आहे. एवढ्याशा रकमेसाठी हा माणूस ग्राहक आयोगात कशाला जाईल असं वाटत असेल तर ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी शून्य आहे आणि आयोगाचं ऑफिस माझ्या घरापासून लांब नाही.

मला पॉपर आणि पाकीट दोन्हीचे पूर्ण पैसे परत हवेत, खात्यात, तुमच्या वॉलेटचे पॉइंट नकोत. बदली माल पण नको, तोच हुक परत पाठवाल. आणि लिस्टिंगवरचे 'सॉल्टवॉटर' आणि '४ एक्स' काढा, तळ्यातल्या माशांसाठी म्हणून विका, माझी काही हरकत नाही. सध्या मी शेजारच्या काकूंच्या गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं चांगल्या हुकावर स्वतः बांधून वापरतोय, वर बायकोचं नेलपॉलिश, आणि ती टिकलीत.

पिकअपचं बघा. तुमची सिस्टीम म्हणते माझ्या पिनकोडला रिव्हर्स पिकअप नाही, डिलिव्हरी मात्र होते. मी स्पीड पोस्टने पाठवतो, पावती जोडतो, तो खर्च पण द्यायचा. हुकांचे काटे थर्माकोलात टोचून, वर जाड पुठ्ठा लावून पाठवीन, तरी उघडणाऱ्याला सांगून ठेवा की हाताने चाचपू नको. उघडून बघितलेली बांधणी वेगळ्या पुडीत आहे, ती फेकू नका, तुमच्या क्वालिटीवाल्यांना दाखवा.

ऑर्डर नंबर, बिल आणि सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट सोबत आहेत.

आपला,
एक ग्राहक, रत्नागिरी